टेप वाजणार नाही

ईलिंग, मंगळवार

प्रिय मधे,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझं वॉटफर्ड इथून जेमतेम तासाभरावर, आणि हा म्हातारा पोस्टाचं तिकीट चिकटवत बसलाय, म्हणून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघणार, मला माहीत आहे. कारण सोपं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बोलायची बंदी घातलीय. दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं घसा जास्त बिघडतो म्हणे. आतल्या पडद्यांना सूज आलीय. कॅन्सरबिन्सर काही नाही, नाकातून नळी घालून नीट बघितलंय, तेव्हा लगेच तुझ्या शिल्पाला फोन लावून लेकीची झोप उडवू नकोस. मला फोन करून तर उपयोगच नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुला काही लिहिलं की तू तो पिवळा अंगठा पाठवून मोकळी होतेस. मला अंगठा नकोय, उत्तर पाहिजे. जालन्यात मराठी पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस, पुढं वाच.

मँचेस्टरचं तुला भावनानं सांगितलं असेलच. माझी लेक आता माझी मॅनेजर झालीय, हॉस्पिटलची नोकरी सांभाळून बापाला हाकते. आमच्या ‘लँटर्न पॅरिश’ बँडची ती रेकॉर्ड निघाली त्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून ती सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशीच्या तशी स्टेजवर गायची. पोस्टरवर तसंच छापलंय, जशीच्या तशी. तिकिटं संपली. रेकॉर्डवरचे जुने म्हणशील तर मी आणि ड्रमवाला कॉलिन, दोघंच उरलो. गिटारवाला आणि पेटीवाला दोघंही गेले. त्यांच्या जागी पोरं घेतलीत. बरी वाजवतात, पण एकेकाच्या पुढं इतके स्क्रीन की वाटावं एअरपोर्टवर चेक-इन चाललंय. तर गेल्या आठवड्यात अ‍ॅक्टनला रिहर्सल झाली. सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गाणं आलं, शेवटचा तो लांब सूर आला, आणि मी अर्ध्यात संपलो. खोकला आला, पाणी पिलो, परत लावला, परत संपलो. मग कार्यक्रम करणाऱ्या कंपनीचा माणूस फार गोड हसत म्हणाला, शॅश, नो प्रॉब्लेम, जुन्या टेपवरून तेवढा सूर सुटा काढून ठेवलाय आम्ही, तुम्ही फक्त माइकपुढं उभे राहा, कुणाला कळणार नाही. भावना पण त्याच्याच बाजूनं. म्हणते, बाबा, तुमचा आवाज थकली आहे, आणि टेपवरचा आवाज पण तुमचीच आहे ना, मग चीटिंग कशी? पन्नाशीला आलेल्या पोरीला अजून आवाज तो की ती हे ठरवता येत नाही, पण बापाला शहाणपण शिकवायला तिची मराठी कुठं अडत नाही. मी म्हटलं, टेप वाजणार नाही. ती म्हणाली, का पण? कॉलिन माझ्याकडं न बघता छताकडं बघायला लागला. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, आणि कोट घालून ट्यूब स्टेशनकडं चालायला लागलो.

का नाही, ते भावनाला माहीत नाही. तुला माहीत आहे.

तू आता हे पान दुमडून ठेवशील आणि चहा टाकायला उठशील. उठू नकोस. बस.

अण्णा आठवतात मला हल्ली, घसा धरला की जास्तच. जालन्याकडं कडूबा शाहिरांचा जलसा म्हटलं की लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आपल्या जलशाला गण नसायचा, बाबासाहेबांच्या वंदनेनं सुरुवात, आणि अण्णांचा पहिला सूर लागला की मागच्या गाडीतलं झोपलेलं पोरगं पण उठून बसायचं. असा माणूस इथं येऊन रबराच्या कारखान्यात उभा राहिला. हातांचा वास कधी गेला नाही त्यांच्या. आणि तरी चौदा एप्रिल आली की हॉल घ्यायचा, डफ तापवायचा, गायचं. पण शाहीर एकटा काय करणार? झील धरायला माणसं कुठं होती इथं? जी होती ती शिफ्टवर. म्हणून आपल्या दोघांना मागं उभं केलं. काकू लोकांनी नाकं मुरडली, पोरगी जलशात उभी करता काय कडूबा. अण्णा म्हणाले, मग तुमचा नवरा द्या. बसल्या गप.

झील शिकवताना कसे वागायचे ते आठवतंय? शाहिराचा श्वास संपायच्या आत झीलकऱ्यानं त्याच सुरात आत शिरायचं. तो थांबल्यावर नाही, थांबायच्या आधी. पाण्यात पाणी ओततात तसं. ऐकणाऱ्याला दोन माणसं ऐकू आली तर तुम्ही झील धरलीच नाही. सांधा दिसला की अण्णा गाणं न थांबवता नुसती मान वळवून बघायचे, आणि त्या बघण्यापेक्षा थोबाडीत परवडली असती. माझा सांधा दहात चारदा दिसायचा. तुझा कधीच नाही. मला तेव्हाही राग यायचा आणि आता लिहिताना पण येतोय.

मी शाळा सोडली, अण्णांच्याच कारखान्यात लागलो, ते तुला सांगायला नको. बँडची पोरं भेटली ती पबच्या मागच्या खोलीत. आर्ट कॉलेजची, केस खांद्यापर्यंत, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. लोक म्हणायचे, हे काय, गाणं आहे का पंचवार्षिक योजना. मला मात्र घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडं वग चालतोच की रात्रभर. मध्ये गोष्ट, मध्ये ताल बदलला, मध्ये नुसतीच पेटी, परत गाणं. त्यांचा गाणारा पळून गेलेला. त्या दिवशी माइक पण बंद पडला. मी बिनमाइकचा गायलो आणि बारमधली माणसं ग्लास घेऊन आत बघायला आली. झालं, मी बँडमध्ये. मग कुणीतरी शहाणा निघाला की याला फेटा बांधू, मोराची पिसं लावू, गळ्यात माळा घालू, पूर्वेचा जादूगार म्हणून खपेल. मी म्हटलं, मी महाराजा नाही, साधूही नाही. शाहिराचा पोरगा आहे आणि बसनं आलोय. पँट-शर्टवर गाईन, नाहीतर दुसरा बघा. पँट-शर्टवरच गायलो. पेपरवाले तरीही लिहायचे, भारताचा गूढ आवाज. एकानं विचारलं, हा सूर हिमालयातल्या गुहेत शिकलात का? मी म्हटलं, साउथॉलला, कम्युनिटी हॉलमध्ये, बाहेर समोसे तळत होते. छापलं नाही त्यानं.

आणि मग तो स्टुडिओतला दिवस. तू मला जेवण द्यायला आलेलीस, आईनं पिठलं-पोळ्या बांधून दिलेल्या. बाहेर पाऊस होता म्हणून त्या लोकांनी तुला आत बसवलं, कोपऱ्यात, अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर, मांडीवर डबा. आमचं सकाळपासून एकच चाललं होतं. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता एक सूर राहतो, तो संपतच नाही असं वाटलं पाहिजे, असं गिटारवाल्याचं म्हणणं. आता संपतच नाही म्हणजे काय? माणूस आहे, फुगा नाही. मी बावीस वर्षांचा, छाती ही एवढी, तरी तेवढा लांब सूर माझ्या बापाच्यानं पण झाला नसता. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, टेप कापून जोडू. जोडली, तर जोड ठसठशीत ऐकू आली. शेवटचं म्हणून मी परत लावला, श्वास संपत आला, डोळ्यांपुढं अंधारी, आणि मागून तू शिरलीस.

कुणी सांगितलं होतं तुला? कुणीच नाही. सवय. अण्णांनी हाडात घातलेली. भाऊ संपत आला म्हटल्यावर तुला डबा धरून बसवेना. माझं तोंड मिटलं आणि सूर तसाच पुढं गेला, वर चढला, आणि तिथं राहिला. सांधा नाही. काचेमागचा माणूस उभा राहिला. कॉलिनच्या हातातली काठी हातातच. तुझं तुला कळलं तेव्हा तू अशी दचकलीस की डबा खाली, पिठलं गालिच्यावर, आणि पहिलं वाक्य काय तर सॉरी, मी फडका आणते. पोरं तुझ्या पाया पडायची बाकी होती. त्यांना रेकॉर्डवर तुझं नाव घालायचं होतं, मोठ्या अक्षरात. तू म्हणालीस, नाव घातलं तर दादा, तुझं तोंड बघणार नाही.

तुझं लग्न ठरलं होतं. वॉटफर्डचं शिकलेलं घर, सासरा आपल्या बौद्ध सभेचा सेक्रेटरी, घरात पुस्तकांची कपाटं. त्यांना जलसा म्हणजे मागं टाकलेली गोष्ट वाटायची, आणि केस वाढवलेल्या गोऱ्या पोरांबरोबर गाणारी सून तर स्वप्नातही नको. होणाऱ्या नवऱ्याला, रघुवीररावांना कळलं तर लग्न मोडेल, ही तुझी भीती. मी शब्द दिला. चौघांनीही दिला, काचेमागच्या माणसानं पण. ती पोरं सिगारेटीवरून एकमेकांचे गळे धरायची, पण हा शब्द पाळला. दोघं तर तो घेऊनच गेली.

त्या सुराचं पुढं काय झालं ते तू कधी ऐकून घेतलं नाहीस. नाव काढलं की तुझी कणीक मळायची राहिलेली असते. तर आता ऐक. फॅन लोक त्याला ‘द ब्रेथ’ म्हणतात. स्टॉपवॉच लावून मोजतात. एकानं मासिकात लिहिलं की हा योगाचा प्रकार आहे. जर्मनीत एक डॉक्टर भेटला, माझी छाती मापायची परवानगी मागत होता. जपानात एक बाई तो सूर ऐकून रडली आणि मला वाकून नमस्कार करत राहिली, आणि मी उभा, गाढवासारखा, काय सांगू? स्टेजवर तो सूर आम्ही कधी पूर्ण केलाच नाही. माझा श्वास संपायच्या जरा आधी कॉलिन ड्रम बडवायला सुरुवात करायचा, झाकलं जायचं. लोक म्हणायचे, तो जपून ठेवतो, फक्त रेकॉर्डवर दिला. मग पंक नावाचं नवं संगीत आलं, आम्हाला कुणी विचारीना, मी लोकांच्या घरातले बॉयलर दुरुस्त करत हिंडलो. एकदा वेम्ब्लीला एका किचनमध्ये पाईपखाली आडवा पडलोय आणि घरमालकाच्या रेडिओवर तो सूर. घरमालक म्हणतो, श्श, हे ऐक, एका श्वासात आहे. मी पाना चालवत म्हटलं, हो का.

हे सगळं मला चाललं. तुझी इच्छा होती, माझा शब्द होता, आणि मी कधी कुणाला तो माझा एका श्वासाचा आहे असं तोंडानं सांगितलं नाही. लोक मानत होते, मी गप्प होतो. पण हे मँचेस्टरचं वेगळं आहे. टेपवर जो वर चढलेला आवाज आहे तो तुझा, आणि मी तिथं उभा राहून त्याच्यावर तोंड हलवायचं? हजारो माणसांपुढं? छत्तीस इंचाची छाती फुगवून दाखवायची आणि आत तू? हे माझ्यानं होणार नाही. कॉलिन म्हणतो, ड्रम लवकर सुरू करतो, नेहमीसारखं झाकू. पण पोस्टरवर जशीच्या तशी म्हटलंय, आणि मला आता झाकायचा कंटाळा आलाय. पट्टी उतरवायची तर खुशाल उतरवू. अण्णा म्हातारपणी काळी चारवरून काळी दोनवर आले आणि छातीवर हात मारून सांगायचे, वय झालंय, आवाज नाही गेला. पट्टी उतरवण्यात लाज नाही. टेप लावण्यात आहे.

आता तू म्हणशील, माझ्या गेलेल्या नवऱ्याची इज्जत. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच बोलायची बंदी नसती तरी मी हे लिहिलंच असतं, कारण समोरासमोर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस. ऐक. रघुवीरराव हॉस्पिटलमध्ये होते, शेवटच्या आजारपणात, तू खाली कॅन्टीनला सूप आणायला गेलेलीस. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, तुमची ती रेकॉर्ड माझ्याकडं लग्नाच्या आधीपासून आहे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. मी म्हटलं, अच्छा. ते म्हणाले, त्या लांब सुरात सुरुवातीचा भाग तुमचा आहे, पुढचा घरातला. माझ्या हातातली संत्र्याची साल खाली पडली. एवढे डॉक्टर, एवढे मासिकवाले, जर्मन, जपानी, एकालाही सांधा ऐकू आला नाही, अण्णांना पण आला नसता, आणि या माणसाला आला. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, ती रोज सकाळी कपडे वाळत घालताना गुणगुणते, मला तो आवाज नाही कळणार? मी म्हटलं, मग तिला सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, तिला वाटतं मला माहीत नाही, आणि ते जपताना ती इतकी खूश असते, कशाला मोडू. तुम्ही पण सांगू नका. मी मान डोलावली. आता ती मान मी परत घेतोय. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो म्हणून तुला मला जे बोलायचं ते बोल. पण तू ज्याच्यापासून लपवत होतीस तो जन्मभर ड्रॉवर उघडून तुला ऐकत होता. मग आता लपवतेस कुणापासून? सासऱ्यापासून? त्यांचा फोटो भिंतीवर आहे, तो काही उतरून विचारायला येत नाही. आणि तुझी नात दिया, ती फोनवर तो सूर लावून आजी हे ऐक म्हणत होती तेव्हा तू किचनमध्ये पळालीस. पोरीला वाटलं आजीला आवडलं नाही.

तर येत्या वीस तारखेला, शनिवारी, मँचेस्टर. भावनाला मी कागदावर लिहून दिलंय की स्टेजवर दोन माइक लागतील, दुसरा बाईच्या उंचीचा. ती विचारतेय, कोण बाई? सांगायचं की नाही ते तू ठरवायचं, म्हणून तिला अजून सांगितलं नाही. शिल्पा तुला गाडीनं आणेल, आदल्या दिवशी ये, कॉलिनला पण तुला भेटायचंय, पिठल्याचा डाग गालिच्यावरून निघाला नव्हता असं सांगतो. तुझा आवाज गेला आता, हे मला सांगायचं नाही. गेल्या वैशाख पौर्णिमेला विहारात वंदनेच्या वेळी मी तुझ्या मागंच बसलो होतो आणि माझे कान शाबूत आहेत. साडी नेस, पँट घाल, स्वेटर घालून ये, कुणी तुला पिसं लावणार नाही. मी सुरुवात करीन, म्हाताऱ्याच्या दमात जेवढी होईल तेवढी. पुढं यायचं की नाही ते तुझं. आलीस तर पोस्टरवर छापलंय ते पहिल्यांदा खरं होईल. नाही आलीस तर ड्रम वाजणार नाही, टेप लागणार नाही. माझा दम जिथं संपेल तिथं मी थांबेन, आणि माइकमध्ये सगळ्यांना सांगेन की याच्या पुढचा सूर वॉटफर्डला राहतो, त्याला आज यायचं नव्हतं.

तुझाच, तूर्तास मुका,
दादा